गॅरेजात ठणठणीत, तांड्यावर ठप्प

आमच्या कराडचा माणूस उठून यवतमाळ जिल्ह्यात जायला सहसा काही कारण नसतं. थंड हवा खायची तर तो महाबळेश्वरच्या पुढं सरकत नाही, आणि समुद्र बघायचा तर घाट उतरतो. मी गेलो एका बॅटरीसाठी. हे ऐकून लोक हसतात, पण माझा धंदाच तो आहे. ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि आयुष्य सेल्फ, डायनॅमो आणि बॅटऱ्यांत गेलं.

उत्तम राठोड पूर्वी उसाच्या हंगामात ट्रक घेऊन आमच्या भागात यायचा. ट्रकचा सेल्फ बिघडला की माझ्या दुकानात येऊन बसायचा, आणि काम होईपर्यंत इतक्या गप्पा मारायचा की काम संपल्यावर चुकल्यासारखं वाटायचं. मग त्यानं ट्रक सोडला, पुसदजवळच्या आपल्या तांड्यावर शेती धरली आणि एक जुनी डिझेल जीप घेतली. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता कापूस आणि तूर पिकवतात.

डिसेंबरात उत्तमचा फोन आला. जीप सकाळी सुरूच होत नाही. बॅटरी दोनदा बदलली, डायनॅमो खोलून झाला, तरी तेच. एरवी मी फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या असत्या, पण पुढं तो जे बोलला ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो.

“याडीचे मूत्रपिंड गेले ना भाऊ. आठवड्यातून दोनदा डायलिसिसले पुसदले न्या लागते. पावसाळ्यात गाडी चालू झाली नाही, ढकलली तं चिखलात फसली, डायलिसिसची पाळी चुकली. याडीले दम लागला असा, का मले वाटलं गेली आता. तुमी एकदा येऊन पाहा. नाई जमलं तं पुसदले खोली पाहून ठेवली हाय, तिले तिथंच ठेवतो.”

याडी म्हणजे आई. आणि याडी तांडा सोडायला तयार नव्हती.

“फोनवर सांगा की काय करायचं ते,” माझी बायको मंगल म्हणाली.

“फोनवर नाडी बघता येत नाही,” मी म्हणालो.

“मग मी पण येते. तुम्ही नाडी बघा, मी मुलूख बघते.”

उमरखेड

एसटीनं नांदेड सोडलं, पैनगंगेचा पूल ओलांडला आणि आम्ही जिल्ह्यात शिरलो. पहिलं काय दिसलं तर बाभळी. त्यांच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते, रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांतून उडालेले. मंगलला वाटलं फुलंच आहेत. शेजारच्या बाईनं तिला समजावून सांगितलं आणि मग उमरखेड येईपर्यंत दोघी बोलत होत्या. आमच्याकडं एसटीत शेजारच्या माणसाशी बोलायला आधी त्याची ओळख निघावी लागते. इथं बोलल्यावर ओळख निघते.

उमरखेडला लॉजवर उतरलो. मी हत्यारांची पिशवी उघडून एकदा सगळं तपासलं आणि कपाळाला हात लावला. व्होल्ट मोजायचं माझं मीटर बंद! त्यातला सेल उतरला होता. जगाच्या बॅटऱ्या तपासायला निघालेल्या माणसाच्या मीटरची बॅटरी मेलेली. मंगल “दिव्याखाली अंधार” एवढं पुटपुटली, आणि ते मला नीट ऐकू येईल असं पुटपुटली.

स्टँडजवळच्या दुकानात सेल मिळाला. त्याच्या शेजारच्या खानावळीत जेवलो. तुरीच्या हिरव्या दाण्यांना इकडं सोले म्हणतात. वांगी आणि सोल्यांची तिखटजाळ भाजी, ज्वारीची भाकरी आणि वर कच्चं तेल. वाढणाऱ्या मावशींनी विचारलं, “कुकडचे जी तुमी?”

“कराडचे.”

“कराड म्हंजे कुकडं आलं थे?”

“साताऱ्याजवळ.”

“अन् इकडं काहून आले?”

“एकाची गाडी चालू होत नाही, ती बघायला.”

मावशी वाढायच्या थांबल्या. “मायबाई! इतक्या लांबून? अन् इकडचे मिस्तरी काय मेले?” असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात न मागता आणखी भाजी घातली. मी कामाला लागायच्या आधीच माझी कीव केलेली मला फारशी आवडली नाही. भाजी मात्र आवडली.

पुसद

पुसद गावाला चारी बाजूंनी डोंगर आहेत. आम्ही उतरलो तेव्हा डोंगरावरचा साग पानं गाळायच्या तयारीत होता. उत्तम जीप घेऊन शकीलभाईंच्या गॅरेजात थांबला होता. तो आता पोटानं सुटला आहे, पण हसणं तेच.

शकीलभाई म्हणजे पुसदचा मीच. वय माझ्याएवढं, हात काळे आणि स्वभाव तिखट. आपल्या गॅरेजात परगावचा मिस्त्री आणलेला कुणालाच रुचत नाही. पण त्यांनी आधी चहा मागवला आणि मग तोंड सोडलं.

“भाऊ, मी खरं सांगू? ही गाडी माह्या इथं कधीच बिघडली नाई. दोन दोन दिवस ठेवून घेतली. रोज सकाळी एका सेल्फमदी चालू. तांड्यावर गेली का बंद. आता तांड्याची हवाच मानवत नसन तिले, तं मी काय करू?”

“हवेनं बॅटरी उतरत नाही,” मी म्हणालो.

“मंग काढा ना तुमी दोष!”

मी मीटर काढलं. गाडीचा हा आजार तीन ठिकाणी असू शकतो. एक तर बॅटरीच वीज धरून ठेवत नाही. नाहीतर डायनॅमो तिला भरत नाही. नाहीतर भरलेली वीज गाडी बंद असताना कुठंतरी गळते. पाण्याच्या टाकीसारखंच आहे. टाकी फुटकी, मोटार बिघडलेली, किंवा कुठला तरी नळ उघडा.

बॅटरीचे टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ होते, खार नव्हता. इंजिन बंद ठेवून मोजलं तर व्होल्ट बरे. इंजिन सुरू करून मोजलं तर आकडा चौदाच्या वर, म्हणजे डायनॅमो झकास भरत होता. हेडलाइट आणि हॉर्न लावूनही तो ढळला नाही. पट्टा ताणलेला. मग गळती बघायला मी किल्ली काढली, दारं लावली, बॅटरीची अर्थची केबल सोडवली आणि बॅटरी व केबलच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावला. गाडीत कुठंही वीज जात असेल तर हा छोटा बल्ब पेटतो. तो पेटला नाही. शकीलभाई माझ्याकडं बघून मान डोलवत होते. त्यांना खेद नव्हता.

“उत्तम, गाडीत मागाहून काही बसवलंय का? टेप, जादा लाइट, पंखा?”

“काई नाई भाऊ. कंपनीतून निंगाली तशी हाय.”

शकीलभाईंनीही हेच विचारलं होतं आणि त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं. मी हत्यारं गोळा केली. दोष दाखवणारी गाडी मला कधी त्रास देत नाही. निर्दोष गाडी मात्र जेवण गोड लागू देत नाही.

तांडा

तांडा टेकडीच्या उतारावर आहे. उत्तमनं आम्हाला घरापाशी उतरवलं आणि जीप वर नेऊन तोंड खाली करून उतारावर लावली, चाकाखाली दगड घातला. सकाळी ढकलायची सोय. सगळ्या तांड्याला ती जागा पाठ होती. तिथं कुणी बैल बांधत नव्हतं की सरपण टाकत नव्हतं.

याडी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. अंगानं सुकलेल्या, पाय सुजलेले, हातात जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या बांगड्या कोपराच्या वरपर्यंत. त्यांनी मंगलला जवळ बसवून घेतलं आणि मला म्हणाल्या, “तूच का तो गाडीचा डाक्टर?”

“होय.”

“माह्यावाला डाक्टर म्हनते, बरं होनार नाई, चालत राहीन. तू काय म्हनतो गाडीचं?”

“अजून निदान झालेलं नाही.”

“लवकर कर,” त्या म्हणाल्या. “हे मले त्या खोलीत टाकून राह्यले. मी पाह्यली ना थे खोली. खिडकी उघडली का समोर भित. मानूस दिसत नाई, ढोर दिसत नाई. अशा जागी जिवंत राहून काय करू?”

उत्तम खाली मान घालून बुटाची नाडी सोडत राहिला. त्याची नाडी बराच वेळ सुटत नव्हती.

जेवायला “बाटी” आहे म्हटल्यावर मी तुपात बुडवायचे कणकेचे गोळे येतील म्हणून थोडा जपूनच बसलो होतो. ताटात आली ज्वारीची भाकरी. यांच्या बोलीत भाकरीलाच बाटी म्हणतात. मी गोळ्यांची वाट बघत भाकरी तशीच ठेवली, तेव्हा उत्तमची बायको ललिता काळजीत पडून म्हणाली, “भाऊ, जमली नाई का बाटी?” मंगलनं खुलासा केल्यावर सगळं घर हसलं. याडीही हसल्या, आणि लगेच त्यांना खोकला आला.

जेवून हात धुवायला बाहेर आलो तर उत्तम घरातून जगदंबेची तसबीर दोन्ही हातांत धरून जीपकडं निघाला होता.

“गाडीतली आहे का?” मी विचारलं.

“हो ना. गॅरेजात ग्रीस, बिड्या, चपला. तिथं देवी कशी न्याची? गाडी तिकडं न्याची असली का आधी देवीले घरी ठेवतो.”

मग त्यानं हकिगत सांगितली. जीप घेतली त्याच वर्षी आर्णीच्या रस्त्यावर ती पलटी झाली होती. उत्तमला खरचटलंसुद्धा नाही. याडीनं त्या दिवसापासून गाडीत देवी बसवली. थोड्या वेळानं तो जीप पुन्हा नीट लावत होता तेव्हा काचेतून तसबिरीपुढचा लाल दिवा दिसला. मी हात जोडले. आमच्याकडंही प्रत्येक गाडीत असा दिवा असतो. किल्ली फिरवली की लागतो, काढली की जातो. मीच शेकड्यांनी बसवून दिले आहेत.

दुसरा दिवस याडीच्या पाळीचा नव्हता, म्हणून जीप जागची हलली नाही. आम्ही शेतात हिंडलो. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. मंगलनं तासभर कापूस वेचून पाहिला आणि बोटं ओरबाडून घेतली. बायका तिला हसल्या आणि मग त्यांनीच बोटांना हळद लावून दिली. ललितानं तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. बांधावर बसून त्या खाताना मला जीपचा विसर पडला, हे कबूल केलं पाहिजे.

पाळीचा दिवस

सकाळी धुकं होतं. उत्तमनं किल्ली फिरवली. सेल्फनं एकदा “घुर्र” केलं आणि पुढं नुसती टकटक. घरोघरची दारं उघडली, अंगावर गोधड्या घेतलेले गडी न बोलावता जीपच्या मागं येऊन उभे राहिले. याडी कुणाकडं न बघता मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांची मान खाली होती. इतक्या माणसांना आपल्यासाठी गाडी ढकलावी लागते याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, आणि ती बघून मला स्वतःचा राग आला.

“थांबा, ढकलू नका,” मी म्हणालो. “शेजारचा ट्रॅक्टर आणा, त्याच्या बॅटरीवर सुरू करू. पण आधी मला बघू द्या. ही आत्ता आजारी आहे, आत्ताच सापडेल.”

मी पुन्हा अर्थची केबल सोडवून मध्ये टेस्ट लॅम्प लावला. किल्ली उत्तमच्या खिशात, दारं बंद. आणि लॅम्प पेटला! दोन दिवसांपूर्वी पुसदला न पेटलेला लॅम्प माझ्या हातात मंद जळत होता. मी एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजनं लॅम्प विझेल, त्या फ्यूजवर दोष. सगळे फ्यूज संपले, लॅम्प जळतच राहिला. म्हणजे फ्यूजला वगळून थेट बॅटरीवरून कुणीतरी वीज पीत होतं.

तेवढ्यात मंगल चहाचे कप घेऊन पुढच्या काचेपाशी आली. “अहो, देवीचा दिवा एकदम बारीक झालाय.”

मी टेस्ट लॅम्प काढला. “आणि आता?”

“गेला.”

“अरे, दिवा!” उत्तम केवढ्यानं तरी ओरडला आणि मला बाजूला सारून त्यानं केबल बॅटरीला टेकवली. “आता लागला का वहिनी? लागला?”

मी वाकून पाहिलं. चटईखालून आलेली एक लाल वायर मला आता दिसत होती. उत्तमनं ती थेट बॅटरीला जोडली होती, आणि तिच्या टोकाला दूरवरून दिसावा म्हणून इंडिकेटरचा चांगला मोठा बल्ब होता. किल्ली असो नसो, रात्रंदिवस जळणारा. उत्तम म्हणाला, याडीचा नवसच तसा होता, दिवा विझू द्यायचा नाही. गॅरेजला जाताना देवी घरी जायची, तिच्याबरोबर दिवाही जायचा आणि घरात तो मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर जळत राहायचा. म्हणून जीप गॅरेजात ठणठणीत. परत आली की देवी गाडीत, आणि दोन रात्रींत बॅटरी खाली. असं पुन्हा पुन्हा पूर्ण उतरून बॅटऱ्या अकाली म्हाताऱ्या झाल्या होत्या.

“अरे, मी तुला विचारलं होतं ना, मागाहून काही बसवलंय का म्हणून?”

“मंग? थे काय बसवलेलं हाय?” उत्तम खरोखर गोंधळला होता. “थे तं देवी हाय!”

दोन दिवसांपूर्वी मीही त्या दिव्याला हात जोडूनच पुढं गेलो होतो.

उत्तमनं मला कोपराला धरून जीपच्या मागं नेलं. चेहरा पडला होता. “याडीले सांगू नका भाऊ. दिवा बंद करा म्हटलं तं ती गाडीत पाय ठेवनार नाई. डायलिसिसले बी जानार नाई. मी दर चार महिन्यानं बॅटरी बदलीन, पन तिले नाई सांगू शकत.”

“छोटा एलईडी लावू,” मी कुजबुजलो. “तो नावाला वीज खातो. दिवस दिवस जळला तरी गाडी सुरू होईल.”

“तिले तितका दिसत नाई. गाडी येते तवा ती बाजेवरून दिवा पायते.”

आम्ही दोघं असे चोरासारखे कुजबुजत होतो तेवढ्यात जीपमधून आवाज आला. “काय सापडलं?”

उत्तमनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मंगलला असली बघाबघी जमत नाही. ती याडीजवळ गेली आणि सरळ म्हणाली, “याडी, देवीचा दिवा रात्रभर जळतो, त्यात बॅटरी संपते. म्हणून गाडी सुरू होत नाही.”

ढकलायला आलेले गडी जीपपासून मागं सरकले. उत्तमनं डोळे मिटून घेतले होते.

याडीनं पुढं वाकून तसबिरीकडं बघितलं. मग म्हणाल्या, “हा दिवा मी कायले लावला?”

त्यांनी उत्तमकडं बोट केलं.

“हा पोरगा रस्त्यानं जाते. रस्त्यावर देवीची नजर त्याच्यावर राहावी म्हनून लावला. गाडी उभी असली म्हंजे पोरगा घरी असते. बाजेवर घोरत असते. मंग रातभर दिवा कोनासाठी? गाडीच्या टिनासाठी?”

“पन तूच म्हटलंतं ना याडी, विजू द्याचा नाई!”

“रस्त्यावर विजू द्याचा नाई म्हटलं होतं मी. येड्या! वर्षभर माहे हाल केले, त्या खोलीत टाकाले निंगाला, पन एक डाव विचारलं का मले?”

उत्तम तिथंच चाकाजवळ उकिडवा बसला आणि रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा. याडीनं दारातून हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बंजारा बोलीत काहीतरी म्हणाल्या. ते मला कळलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

काम थोडंच राहिलं होतं. लाल वायर बॅटरीवरून काढली आणि फ्यूज घालून किल्लीच्या लाइनवर जोडली. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जीप सुरू केली. किल्ली फिरताच देवीपुढं लाल दिवा लागला, तेव्हा गड्यांनी जगदंबेचा जयजयकार केला. याडीची पाळी वेळेवर झाली. वाटेत शकीलभाईंना सांगितलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, “या अल्ला! म्हंजे मरीज माह्याकडं यायचा, अन् बीमारी घरी ठेवून यायचा!” त्यांनी मला दुसरा चहा पाजला, आणि उत्तमला म्हणाले, “पुढच्या टायमाले देवीले घेऊन ये. मी बिड्या बंद ठेवतो.”

आम्ही आणखी एक दिवस राहिलो. संध्याकाळी उत्तम तुरीच्या शेंगा घेऊन पुसदला गेला होता. आम्ही अंगणात होतो. याडी बाजेवर रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या. आदल्या दिवशीच्या उपचारानं थकलेल्या, पण पायांची सूज उतरलेली. आमच्याकडं दिवा विझला असं कुणी म्हणत नाही, अशुभ मानतात. शांत झाला म्हणतात. त्यावरच मी आणि मंगल बोलत होतो, तेवढ्यात खालच्या वळणावर जीपचे लाइट दिसले. जीप चढण चढून आली आणि उतारावर न जाता, सरळ घरासमोरच्या सपाट जागेवर उभी राहिली. काचेआड लाल दिवा जळत होता. याडी तिकडंच टक लावून बघत होत्या.

उत्तमनं किल्ली काढली. दिवा गेला.

“आला,” याडी म्हणाल्या, आणि बाटी टाकायला ललिताला हाक मारली.